दोन जीपीयू, एक स्क्रीन : डीफॉल्ट कोण ठरवतं?

बऱ्याच लॅपटॉपमध्ये आज दोन जीपीयू, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या चिप असतात. प्रोसेसरमधला वीज वाचवतो, वेगळा बसवलेला जड कामं उरकतो. आधी कोणाला कामाला लावायचं, हा निर्णय सुरुवातीला वापरणाऱ्याच्याच हातात होता. २००६ च्या सोनी वायो एसझेडवर त्यासाठी खटकाच होता, एका बाजूला ‘स्टॅमिना’, दुसऱ्या बाजूला ‘स्पीड’. तो सरकवला की मशीन रीस्टार्ट करावं लागे. २००८ च्या मॅकबुक प्रोमध्ये लॉग आउट करून भागत असे.

फेब्रुवारी २०१० मध्ये जीपीयू बनवणाऱ्या एनव्हिडियाने आपोआप अदलाबदल करणारं ऑप्टिमस आणलं आणि खटका गेला. स्क्रीन प्रोसेसरमधल्या इंटेलच्या चिपलाच जोडलेली. एनव्हिडियाची चिप गरजेपुरती जागी होऊन चित्र तयार करते आणि ते इंटेलच्या फ्रेमबफरमध्ये, म्हणजे स्क्रीनवर जाणारं चित्र ठेवायच्या मेमरीत, कॉपी होतं. बॅटरीसाठी ही मांडणी उत्तमच. पण कोणत्या प्रोग्रामला मोठी चिप द्यायची, हे आता मुख्यतः ड्रायव्हरसोबत (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) येणारी यादी ठरवू लागली.

लिनक्सवाल्यांना तर ती यादीही मिळाली नाही. डेव्ह एअरली यांचं जीपीयू बदलणारं व्हीजीए स्विचरू २०१० मध्येच लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल २.६.३४ मध्ये आलं, पण ते मुख्यतः जुन्या, खटकेवाल्या रचनेसाठी. २०११ मध्ये स्वयंसेवकांनी ऑप्टिमसच्या लॅपटॉपसाठी बंबलबी हे सॉफ्टवेअर उभं केलं. प्रोग्रामच्या नावाआधी ‘ऑप्टिरन’ लिहिलं की तो मोठ्या चिपवर चाले. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तेही ऑप्टिमसबद्दलच्याच प्रश्नावर. त्याच वर्षी कर्नल ३.३ मधलं डीएमए-बफ (चिपांमध्ये मेमरी वाटून घ्यायची सोय) आणि लिनक्सवर खिडक्या दाखवणारा एक्स सर्व्हर १.१३ यांच्यामुळे प्राइम ही दोन जीपीयूंमध्ये काम वाटायची पद्धत प्रत्यक्षात आली. ‘डीआरआय प्राइम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू करताना द्यायचं सेटिंग) १ केलं की तेवढाच प्रोग्राम दुसऱ्या जीपीयूवर जातो. निवड पुन्हा वापरणाऱ्याकडे आली, आणि तीही प्रोग्रामगणिक. मात्र ही सोय मुक्त (ओपन सोर्स) ड्रायव्हरांपुरती होती. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये असं ऑफलोड, म्हणजे काम दुसऱ्या जीपीयूवर सोपवणं, यायला २०१९ ची ४३५ मालिका उजाडली. नऊ वर्षं! ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या चिपसाठी हा उशीर मला आजही अक्षम्य वाटतो.

विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये प्रोग्रामगणिक जीपीयू निवडायची सोय एप्रिल २०१८ च्या अपडेटने दिली.

अख्ख्या डेस्कटॉपचा मुख्य जीपीयू हा मात्र वेगळा प्रश्न. लिनक्समध्ये तो बहुधा फर्मवेअरने (मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरने) बूटच्या वेळी जागवलेला असतो. बाहेरचा मॉनिटर दुसऱ्या जीपीयूला जोडलेला असेल, तर प्रत्येक फ्रेम इकडून तिकडे न्यावी लागते. हे बदलायला नोम या लिनक्स डेस्कटॉपमध्ये यूडेव्हचा (उपकरणं ओळखणाऱ्या सेवेचा) नियम लिहावा लागतो, केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये केविन या त्याच्या विंडो मॅनेजरसाठीचं व्हेरिएबल.