कर्नल ड्रायव्हरमधील मेमरी ओव्हरफ्लो : १९७२ पासूनचा प्रवास

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वाधिकार असलेला गाभा, ड्रायव्हर म्हणजे त्याच्या आत राहून बहुधा हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम आणि मेमरी ओव्हरफ्लो म्हणजे राखलेल्या जागेच्या बाहेर लिहिले जाणे. कर्नल ड्रायव्हरमधील मेमरी ओव्हरफ्लो हा अलीकडचा दोष समजला जातो, पण त्याची एक अगदी जुनी नोंद कर्नलबद्दलचीच आहे. अमेरिकेच्या हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये तयार केलेल्या अहवालात तेव्हाच्या एका ऑपरेटिंग सिस्टिमचे उदाहरण दिले आहे : वापरकर्ता आणि सिस्टिम यांच्या मेमरीत माहितीची ने-आण करणारा कोड पत्ते नीट तपासत नव्हता, त्यामुळे मॉनिटरच्या, म्हणजे आजच्या भाषेत कर्नलच्या, काही भागावर वापरकर्त्याला लिहिता येत असे.

पुढच्याच वर्षी युनिक्सचे कर्नल सी भाषेत नव्याने लिहिले गेले. सी भाषा ॲरेची, म्हणजे ओळीने ठेवलेल्या डेटाच्या जागेची, मर्यादा स्वतःहून तपासत नाही. त्या काळच्या तोकड्या यंत्रांसाठी ही तडजोड रास्तच होती. तिचा फटका जगाला दिसला तो मात्र कर्नलबाहेर. २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेच्या ५१२ बाइटच्या बफरमध्ये, म्हणजे डेटासाठी राखलेल्या जागेत, ५३६ बाइट भरले आणि स्टॅक या कामचलाऊ मेमरीवरचा परतीचा पत्ता (काम संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचे ते) बदलून स्वतःचा कोड चालवला.

त्यानंतर बराच काळ लक्ष वापरकर्त्याच्या प्रोग्रामांवर राहिले. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने डेटाच्या मेमरीतून कोड चालण्यास अटकाव केला, व्हिस्टाने प्रोग्रामांचे मेमरीतील पत्ते बदलते ठेवले, ब्राउझर सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादित अधिकारांच्या कप्प्यात, गेले. परिणामी आत शिरलेला हल्लेखोर तिथेच अडकू लागला आणि बाहेर पडण्यासाठी त्याची नजर पुन्हा कर्नलकडे वळली. तिथे सर्वांत कच्चा दुवा ड्रायव्हरचा होता. लिनक्स कर्नलवरील २००१ च्या एका अभ्यासात ड्रायव्हरमधील काही प्रकारच्या चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत आढळले होते. यात फारसे आश्चर्य नाही, कारण ड्रायव्हर बहुधा हार्डवेअर बनवणारे लिहितात आणि त्याची चाचणी स्वतःच्याच सॉफ्टवेअरकडून येणाऱ्या सरळ विनंत्यांवर होते.

चूक किती क्षुल्लक असू शकते, ते एका बेरजेतून दिसते. समजा, आयओकंट्रोल, म्हणजे प्रोग्रामकडून ड्रायव्हरला जाणाऱ्या, विनंतीसोबत वापरकर्ता डेटाची लांबी कळवतो आणि ड्रायव्हर तीत १६ बाइटचे हेडर (डेटाच्या आधीची नोंद) मिळवून तेवढी मेमरी मागतो. लांबी ४२९४९६७२९० सांगितली, तर ३२ बिटांत ४२९४९६७२९५ पर्यंतचाच आकडा मावत असल्याने बेरजेचे उत्तर फिरून १० येते. मेमरी दहाच बाइटांची मिळते, कॉपी मात्र मूळ लांबीनुसार सुरू होते आणि पूलमधील, म्हणजे कर्नलच्या सामायिक मेमरीतील, शेजारच्या ऑब्जेक्टवर (दुसऱ्या कामाच्या डेटावर) लिहीत जाते. साधारणपणे यातून मशीन कोसळते. पण शेजारी कोणते ऑब्जेक्ट असावे हे हल्लेखोराने आधीच जुळवून आणले आणि कॉपी मध्येच थांबवता आली, तर सामान्य खात्यालाही सिस्टिमचे अधिकार मिळतात.

लांबी थेट वापरकर्त्याकडूनच यावी लागते असेही नाही. विंडोजचा सीएलएफएस हा लॉग सांभाळणारा ड्रायव्हर फाइलमध्येच नोंदलेल्या ऑफसेटवर, म्हणजे डेटा कुठे आहे हे सांगणाऱ्या आकड्यांवर, विसंबतो. एप्रिल २०२३ मध्ये त्यातील मर्यादेबाहेर लिहिण्याची एक त्रुटी दुरुस्त झाली, तेव्हा नोकोयावा या खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरसाठी तिचा वापर आधीच सुरू होता.

इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरबाबत पॅचने, म्हणजे दुरुस्तीने, काम संपत नाही. वैध डिजिटल स्वाक्षरी असलेली जुनी, सदोष प्रत हल्लेखोर सोबत आणतो आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार वापरून लोड करतो. अशा प्रती अडवणारी यादी विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अपडेटपासून आपोआप चालू असते. यादीत न आलेला ड्रायव्हर मात्र स्वाक्षरीच्या बळावर आजही लोड होतो.