मिरजेचं पाणी लातूरला गेलं, त्यामागची गोष्ट

११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेतून दहा वाघिणींची (टाकीच्या डब्यांची) रेल्वेगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला लागली. आत पाच लाख लिटर पाणी. वाघिणी राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन आणलेल्या. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण तेव्हा कोरडं पडलं होतं आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती.

पण पाणी मिरजेहूनच का?

एक तर कृष्णा. ऐन एप्रिलात तिच्या पात्रात पाणी असतं ते कोयना धरणातून सोडतात म्हणून. कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि पुढे सांगली-मिरजेचा उन्हाळा निभावतो. दुसरं, जंक्शनमुळे मिरजेत रेल्वेची स्वतःची पाण्याची व्यवस्था होती. जुनी हैदरखान विहीरही या कामी आली. यार्डापर्यंत मोठी पाइपलाइन मात्र नंतर टाकली, तेव्हा कुठे पन्नास वाघिणींची गाडी भरता येऊ लागली.

तिसरं कारण रुळांचं, आणि माझ्या मते तेच खरं. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पंढरीचे वारकरी आणि बाजारचा माल वाहणारी ही गाडी. (चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येतं, अशी तिची ख्याती!) कुर्डुवाडी-लातूर टप्पा २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाला, मिरज-पंढरपूर २०१० च्या आसपास. दुष्काळ दहा वर्षं आधी पडला असता तर कोट्याच्या वाघिणी या मार्गावर चढल्याच नसत्या.

रेल्वेने पाणी नेणं नवं नव्हतं. १९८६ मध्ये राजकोटला असंच पाणी गेलं होतं. एप्रिल २०२२ मध्ये जोधपूरहून राजस्थानातल्याच पालीला गाड्या सुटल्या. वाळवंटाच्या तोंडावरचं जोधपूर दुसऱ्याला पाणी देऊ शकलं, कारण इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उपसून तिथवर आणलेलं आहे.

आता हिशेब. पन्नास वाघिणी म्हणजे २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहर ३.८ लाखांचं, माणशी साडेसहा लिटर. कळशीसुद्धा भरत नाही. तरी कोरड्या नळाच्या घरात त्या अर्ध्या कळशीचं मोल काय असतं, ते सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडी-जतकडच्या माणसाला समजवावं लागत नाही.

मिरज सोडली की ही पाण्याची गाडी आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव करत जत रोड स्थानकावरून सांगोल्याकडे जायची. हा सगळा पट्टा कृष्णेचं पाणी उचलून देणाऱ्या म्हैसाळ योजनेचा. ऐंशीच्या दशकात तिला मंजुरी मिळाली, पण त्या उन्हाळ्यात जत तालुक्यातल्या गावांना पाणी टँकरनेच येत होतं. भरलेल्या वाघिणी त्यांच्या शिवारातून पुढे जात राहिल्या.