भोपळा ओळखायचाय? आधी देठ बघा

कंपोस्टच्या ढिगातून आपोआप एक वेल उगवते, बघता बघता कुंपणावर चढते आणि एक दिवस तिला असा भोपळा लागतो जो आपण कधी लावलाच नव्हता, फिकट हिरवा, अंगावर पांढरट पट्टे, आकार धड गोल नाही धड लांबट नाही. मग फोटो काढून दहा जणांना विचारायचं आणि दहा नावं ऐकायची. मी म्हणेन रंग, आकार सगळं बाजूला ठेवा आणि देठ हातात घ्या.

कारण रंग-आकार फार फसवतात. झुकिनी, बशीसारखा चपटा पॅटीपॅन आणि हॅलोविनचा केशरी भोपळा, तिघंही एकाच जातीचे (स्पीशीजचे), शास्त्रीय नाव कुकुर्बिटा पेपो! बागेत कुकुर्बिटाच्या बहुतेक वेळा तीनच जाती भेटतात, पेपो, मॉस्चाटा आणि मॅक्सिमा. पेपोचा देठ कडक, त्याच्या कडा बोटांना टोचतात. मॉस्चाटाचा (बटरनट भोपळा यातलाच) देठही कडक आणि पाच कडांचा, पण फळाला चिकटतो तिथे पंजा टेकल्यासारखा पसरतो. मॅक्सिमाचा मात्र गोल, जाड, बुचासारखा, नख दाबलं तर रुततं. पानंही बघा, पेपोची खरखरीत काटेरी, मॉस्चाटाची मऊ लव असलेली. पानांवरचे चंदेरी डाग दोन्हींत असू शकतात, तो रोग नाही, आणि तेवढ्यावरून जातही ठरत नाही.

जात कळली तरी व्हरायटीचं, म्हणजे त्या जातीतल्या वाणाचं, नाव मिळेलच असं नाही. नर आणि मादी फुलं एकाच वेलीवर पण वेगवेगळी असतात, मधमाशी शेजारच्या वेलीचे परागकण आणते आणि एकाच जातीतल्या दोन व्हरायटींचा सहज संकर होतो. त्या वर्षी फळावर काहीच दिसत नाही, कारण फळाचा गर-साल सगळं आईच्या वेलीचं, बदल फक्त बियांत लपलेला असतो. ती बी पुढच्या वर्षी रुजली की हा नवाच भोपळा समोर येतो, ज्याला नाव कुणी दिलेलंच नाही.

आता खायचा का? आधी कच्चा इवलासा तुकडा जिभेच्या टोकाला लावा, कडू लागला तर लगेच थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. शोभेचे छोटे कडू भोपळे बहुतेक पेपोच असतात, त्यांच्याशी संकर झाला की कुकुर्बिटासिन नावाचं कडू विष फळात उतरू शकतं, उलट्या-जुलाब होतात, आणि शिजवून ते जात नाही.