घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप

बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरमधल्या फायलींची जादा प्रत, मूळ फाइल गेली तरी हाताशी राहील अशी. ती वेगळ्या वस्तूवर असावी लागते. सी ड्राइव्हमधलं डी मध्ये कॉपी करून ठेवलं की झालं असं बरेचजण समजतात, पण बहुतेक घरात ते एकाच डिस्कचे दोन भाग असतात आणि डिस्क गेली की दोन्ही जातात.

सगळीकडे सांगितला जाणारा नियम ३-२-१ चा, पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरमुळे तो माहीत झाला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. कोकणात यातला शेवटचा एकच सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण इथे डिस्क नुसती जुनी होऊन बंद पडत नाही, घरातलं सगळं एकदम जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कौलं आणि पत्रे उडाले, खाली टेबलावर कॉम्प्युटर आणि बाजूच्याच ड्रॉवरमध्ये बॅकअपची डिस्क, पाऊस दोन्हीवर सारखाच पडणार. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हाही तेच, दुकानांचे तळमजले बुडाले, २००५ च्या २६ जुलैलाही बुडाले होते. बरं पूर नसला तरी वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा पडतात, लाइनमधून झटका आला तर कॉम्प्युटरला लावून ठेवलेली डिस्कही त्याच्यासोबत जळू शकते, म्हणून कॉपी झाली की ती काढून ठेवायची. कायम जोडलेल्या डिस्कला रॅन्समवेअरचाही धोका असतो, तो व्हायरस दिसेल त्या ड्राइव्हमधल्या फायली लॉक करतो आणि उघडायला पैसे मागतो.

घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच, म्हणजे इंटरनेटवरची साठवणच पाहिजे असं नाही. गुगलच्या अकाउंटला १५ जीबी फुकट मिळतात, त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं आलं, आणि १ जून २०२१ पासून नवीन फोटोही त्यातच मोजतात, तेव्हा लग्नाचे नि गणपतीचे व्हिडिओ काही त्यात मावत नाहीत, शिवाय खाडीपलीकडच्या वाडीत नेटची रेंज येते-जाते, शंभर जीबी चढवायला किती दिवस जातील सांगता येत नाही. इथे सोपी सोय चाकरमान्यांची. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्यायच्या, एक घरी, एक मुंबईला भावाकडे, गणपतीला तो येताना ती घेऊन येतो आणि जाताना ताजी भरलेली घेऊन जातो, शिमग्याला परत अदलाबदल. मधल्या काळातल्या कामाच्या फायली, आंबा पेट्यांचा हिशोब, सातबाऱ्याचे स्कॅन, एवढंच क्लाउडवर, ते लहान असतं.

सिंक, म्हणजे एकच फोल्डर कॉम्प्युटरवर आणि क्लाउडवर आपोआप सारखा ठेवणं, आणि बॅकअप एक नव्हे. गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल चुकून उडवली तर ती सगळीकडून उडते, गुगलच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग गेली. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आणि मॅकमध्ये २००७ पासून टाइम मशीन, ही दोन्ही जुन्या आवृत्त्याही धरून ठेवतात. फाइल हिस्टरी मात्र डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे ठरलेलेच फोल्डर घेते, डी मध्ये स्वतः केलेला फोल्डर आपण जोडल्याशिवाय येत नाही.

डिस्क ठेवायची ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. खाऱ्या हवेत यूएसबीची टोकं गंजतात आणि जुन्या सीड्यांना बुरशी धरते, त्यामुळे सीडीवर काही असेल तर आताच डिस्कवर घ्या. पत्र्याखालचा माळा पुरापासून वाचवतो पण मे महिन्यात तिथे भयंकर तापतं, तिथे नको.

पत्रिका, देवस्थानाचे अहवाल, जत्रेची हँडबिलं असलं डीटीपीचं काम करणाऱ्यांनी फायलींबरोबर फॉन्टही ठेवायचे. युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसणाऱ्या आताच्या पद्धतीच्या आधीचं, पेजमेकर या पान मांडायच्या सॉफ्टवेअरमधलं काम श्री-लिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये असतं, तो फॉन्ट नसेल तर फाइल उघडते पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. हे कळायला फाइल परत आणून उघडूनच बघावी लागते, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, आणि मिरगाच्या आधी.