कबाला शिकायला चाळिशी गाठावी लागते?

ज्यू गूढविद्येबद्दल, म्हणजे कबालाबद्दल, एक समज वर्षानुवर्षे सांगितला जातो: चाळिशी ओलांडल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, नाहीतर वेड लागतं. हा प्राचीन धर्मनियम नाही.

इसवी सन 200 च्या सुमाराचा मिश्ना हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ बघा. त्यात यहेज्केल या संदेष्ट्याने पाहिलेल्या दिव्य रथाचं रहस्य, म्हणजे ज्यू गूढविद्येचा जुना गाभा, एकट्या शिष्यालाही सांगू नये असं म्हटलं आहे. अपवाद फक्त स्वतःच्या बुद्धीने समजू शकणाऱ्या सुज्ञाचा. अट समजेची आहे, वयाची नाही.

आणि माणसं बघा! गालीलमधल्या साफेद (Safed) गावातले कबाला-पंडित मोशे कोर्दोव्हेरो यांनी आपला महाग्रंथ सत्ताविशीत पूर्ण केला. आज कबालाची जी मांडणी सर्वाधिक प्रचलित आहे ती इसहाक लुरियांची, आणि ते 1572 मध्ये अवघ्या 38 व्या वर्षी वारले. चाळिशीची अट खरी असती, तर कबालाच्या सर्वात मोठ्या गुरूलाच ती शिकता आली नसती.

मग चाळीस आलं कुठून? सतराव्या शतकापासून काही रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, लेखनात हा आकडा दिसतो, पण त्याला धार आली ती एका जखमेमुळे. 1665 मध्ये शब्बताई झ्वी या ज्यू गूढवाद्याला मसीहा, म्हणजे तारणहार, घोषित करण्यात आलं. हजारो कुटुंबांनी विश्वास ठेवला, आणि पुढच्याच वर्षी त्याने इस्लाम स्वीकारला. त्याच्या पंथाचे पडसाद शंभर वर्षं उमटत राहिले. म्हणून 1756 मध्ये ब्रोडी (आजच्या युक्रेनमधलं शहर) इथल्या रब्बींनी बंधन घातलं: झोहर हा कबालाचा मुख्य ग्रंथ तिशीनंतर, लुरियांचं लेखन चाळिशीनंतर.

पोळलेल्या समाजाची ती खबरदारी होती.