फिल्टर वेगळा, तैलरंगातला पिक्चर वेगळा

परवा ड्रॉइंगच्या वर्गात एका पोरानं फोन माझ्यापुढं धरला. किल्ला तलावाचा व्हिडिओ, पाण्यावर निळे-पिवळे भोवरे फिरतायत, आणि म्हणतो, "सर, तो लव्हिंग विन्सेंट पिक्चर पण असाच केलाय की, आमच्या फोनवर दोन मिनिटात होतंय." हेच मी टिळकवाडीत ऐकलंय, खानापूरला ऐकलंय, निपाणीला एका लग्नात पंगतीत बसल्यावर पण ऐकलंय, दर वेळी पहिल्यापासून सांगायला लागतं, म्हणून आता एकदा नीट लिहूनच टाकतो.

फिल्टर सगळ्यांना माहितीये. फोटो टाकायचा, स्टाइल निवडायची, ॲप त्या फोटोवर फटकाऱ्यांचा नमुना बसवून देतं, व्हिडिओ असला तर तेच दर फ्रेमला, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्राला. रंग नाही, ब्रश नाही, विषय संपला.

लव्हिंग विन्सेंट हा हातानं तैलरंगात रंगवलेला पिक्चर, २०१७ चा, डोरोटा कोबिएला आणि ह्यू वेल्चमन या दोघांनी केलेला. चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉग जुलै १८९० मधे गेला, त्यानंतर वर्षभरानं पोस्टमन रूलँचा मुलगा आर्मां त्याचं एक राहिलेलं पत्र पोचवायला निघतो आणि हा माणूस गेला कसा ते विचारत फिरतो, अशी गोष्ट. सव्वाशे पेंटर बसले होते, बरेचसे पोलंडमधे ग्दान्स्कला, आणि ती ॲनिमेशनवाली माणसं नव्हती, ऑइलमधे, म्हणजे तैलरंगात, हात बसलेली माणसं निवडून घेतली आणि ॲनिमेशन त्यांना नंतर शिकवलं.

आता लोक म्हणतात, पण नट घेऊन शूटिंग केलंच होतं ना? केलं होतं. हिरव्या पडद्यापुढं नटांचं शूटिंग झालं आणि ते फुटेज पेंटरनी आधाराला घेतलं. म्हणून तो फिल्टर होतो का? मॉडेल समोर बसवून पोर्ट्रेट करणाऱ्याला आपण फोटोग्राफर म्हणतो का? ज्या बेळगावात के. बी. कुलकर्णींनी चित्रकार घडवले, रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले, तिथल्या माणसानं तरी समोर बघून रंगवणं आणि मशीनकडून काढून घेणं एकाच मापानं मोजू नये, मला याचं खरंच वाईट वाटतं.

पण सगळ्यात मोठा घोळ पुढं आहे, आणि तो पिक्चर आवडलेली माणसं पण घालतात. ६५,००० फ्रेम्स म्हणजे ६५,००० पेंटिंग, मग एवढी पेंटिंग ठेवली कुठं, खोटंच असणार, असं म्हणत गाडी परत फिल्टरवर येते. अहो, चित्र रंगवायचे तेवढे बोर्ड नव्हतेच. सेकंदाला १२ चित्रं, पिक्चर दीड तासाचा, गुणाकार करून बघा, ६५ हजाराच्या आसपास येतं. पण शॉट, म्हणजे पिक्चरचे सलग तुकडे, आहेत साडेआठशेच्या घरात, आणि एका शॉटला बोर्ड एक.

पाटी आठवा. पाटीवर एक आकडा लिहिला, फोटो काढला, आकड्याचा तेवढाच भाग पुसून पुढचा लिहिला, परत फोटो. शंभर आकडे झाले तरी पाटी एकच, आणि तिच्यावर दिसणार फक्त शंभरावा. तसंच इथं. शॉटची पहिली फ्रेम पेंटर पूर्ण रंगवतो, वर कॅमेरा लावलेला असतो, फोटो घेतो. मग आर्मांचं डोकं थोडं वळायचं असेल तर डोक्याचा रंग सुरीनं खरवडायचा, आजूबाजूची थोडी भिंत पण खरवडायची, नवीन जागी डोकं रंगवायचं, मागची भिंत परत भरायची, फोटो. ऑइल लवकर वाळत नाही, इतर वेळी आपण त्यावरून वैतागतो, इथं तेच कामाला येतं. शॉट संपला की आधीच्या सगळ्या फ्रेम्स खरवडून गेलेल्या, त्या फक्त फोटोत, बोर्डवर शेवटची राहते.

आणि कॅमेराच फिरत असेल, म्हणजे सुरुवातीला ताऱ्यांच्या आभाळातून आपण खाली गावात उतरतो तसं, तर काहीच जागेवर राहत नाही, मग दर फ्रेमला तोच बोर्ड अख्खा नव्यानं रंगवायचा.

हे डोळ्यांनी दिसतं, मी सांगतोय म्हणून मानू नका. कॅमेरा स्थिर असलेला एखादा शॉट घ्या, शक्यतो मोठ्या स्क्रीनवर, फोनवर हा पिक्चर बघूच नये असं माझं ठाम मत आहे. माणूस हलतो तेव्हा त्याच्या भोवतीचे फटकारे थरथरतात, कारण तेवढाच भाग परत रंगवलाय, आणि लांब कोपऱ्यातला फटकारा तसाच गप्प बसलेला असतो, कारण तो तोच रंग आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. साध्या फिल्टरमधे उलट, कोपऱ्यासकट सगळा पडदा उकळल्यासारखा दिसतो, कारण मशीनला आधीच्या फ्रेममधलं काही आठवत नाही.

बाकीचं थोडक्यात. ॲनिमेशन आहे म्हणून लहान पोरांना दाखवायला बसू नका, विषय एका माणसाच्या मरणाचा आहे. काळे-पांढरे भाग पण रंगवलेलेच आहेत. आणि गव्हाच्या शेतावरच्या कावळ्यांचं चित्र व्हॅन गॉगचं शेवटचं नव्हे, आता झाडाच्या मुळांचं चित्र शेवटचं मानतात, हे तरी पाठ करा.

त्या फोनवाल्या पोराला मी शनिवारी सकाळी थांबवून घेतला. एक बोर्ड, ऑइलच्या तीन ट्यूबा, स्टँडला त्याचाच फोन, आणि कावळा उडवायचा, फक्त एक सेकंद. सातव्या फ्रेमला त्याचं आभाळ चिखलासारखं झालं, कारण पंख खरवडताना काळा निळ्यात मिसळला, मग त्यानं सुरी दर वेळी पुसायला सुरुवात केली, कुणी न सांगता. बारा फ्रेम्सना साडेचार तास लागले. फोनवर कावळा उडतो, जरा अडखळत, पण उडतो. बोर्डवर बारावा कावळा तेवढा आहे, अजून ओला आहे, म्हणून वर्गात कपाटावर आडवा ठेवलाय.