रेकॉर्ड परतली, डबलबारी मात्र कॅसेटवरच

अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा एलपी रेकॉर्ड जास्त संख्येने विकल्या गेल्या. १९८७ नंतर हे पहिल्यांदाच घडलं. त्या बातमीपासून इथे कुडाळातही लोक विचारतात, "तुमच्याकडे जुनी रेकॉर्ड असा काय?" आहेत, थोड्या. पण कोकणचा खरा आवाज त्यांवर नाही. तो कॅसेटवर आहे.

याचं कारण मिनिटांत सापडतं. लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहरजान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा त्यांनाही गाणं तेवढ्यातच बसवावं लागलं. डबलबारीचं तसं नसतं. दोन भजनी बुवा समोरासमोर बसणार, एकाने अभंगातून कोडं घालायचं, दुसऱ्याने त्याचा समाचार घ्यायचा, आणि रात्र सरत आली तरी पखवाज थांबत नाही. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याचं, म्हणजे दोन पक्षांच्या गाण्यांतल्या सवाल-जवाबाचंही तेच.

१९४८ साली अमेरिकेत आलेल्या एलपीने एका बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली. पण रेकॉर्ड छापायची म्हणजे साचा आला, कारखाना आला, हजारोंचा खप आला. गावच्या बुवांसाठी तो खर्च कोण करणार? त्यामुळे रेकॉर्डवर समुद्र आला तो शांता शेळके यांच्या शब्दांतून, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींतून. ती कोळीगीतं मला अतिशय प्रिय आहेत. पण ती स्टुडिओत घडलेली गाणी, देवळाच्या मंडपातली नव्हेत.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि हे गणित मोडलं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं चालते. आपल्याकडे खरा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. टी-सीरिज १९८३ साली सुरू झाली, कॅसेट स्वस्त झाली, आणि छोट्या गावच्या गायकालाही बाजार मिळाला. गणपतीला येणारे चाकरमानी मुंबईहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र, आणायचे. बारी सुरू झाली की कुणीतरी तो मंडपात ठेवून लाल बटण दाबायचा. त्यातल्या कितीतरी फितींची दुसरी प्रत कुठेच नाही.

आणि आमची हवा! खारट, दमट, चार महिने पाऊस. फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच लावू नये, बुरशी प्लेअरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर जाते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ती वाळवावी, कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावी, मगच वाजवावी. (लाखेच्या तबकडीला स्पिरिट मात्र कधीच लावू नका, लाख त्यात विरघळते.)

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या काकांनी पिशवीभर कॅसेट आणून दिल्या. पहिली लावली तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा. प्लेअरच्या हेडचा छोटा स्क्रू कान लावून केसभर फिरवला, तशी झांज एकदम लख्ख झाली. फितीवर मागून कुणीतरी म्हणालं, "बुवा, आता सोडू नको!" काका ताडकन उठले. तो त्यांच्या वडलांचा आवाज होता.